फरशीच्या ढिगातली पिल्लं

सोऱ्यातून कुरडईचा वेढा अर्धा पडला होता, तेवढ्यात खालून मांजर ओरडलं आणि रत्नमालाचा हात थांबला.

"दाब की," तिची सासू दगडाबाई म्हणाली. "चीक गार झाला की सोऱ्या दाद देत नाय. नुसते तुकडे पडतेत."

रत्नमालानं दाबलं, पण कान गच्चीच्या कठड्यापलीकडं लागले होते. हे ओरडणं भुकेलं नव्हतं. भुकेलं मांजर दारात येऊन रडतं. हे एका जागी थांबत नव्हतं, आत्ता भिंतीपाशी, तर लगेच रस्त्याच्या कडेला. चिकानं माखलेले हात तसेच धरून ती उठली आणि तिनं खाली वाकून पाहिलं.

शेजारी एका घराचं बांधकाम अर्धवट पडलेलं. तिथं शहाबादी फरश्यांचा ढीग होता. त्या ढिगाभोवती एक तांबडी-पांढरी मांजर फिरत होती. फटीत तोंड घालायची, बाहेर यायची, हाक मारायची, पुन्हा तीच फट. गच्चीवरनंसुद्धा दिसत होतं, पोट खाली ओघळलेलं आणि सडं तटतटलेली.

त्याच फटीतून रत्नमालानं काल दुपारी तीन पिल्लं उचलली होती.

हर्सूलच्या त्या कॉलनीत रत्नमाला वाहूळला मांजरवाली ताई म्हणूनच ओळखतात. नवरा धम्मपाल शेंद्र्याच्या एका कंपनीत पाळीवर, मुलगी निशा पुण्याला नोकरीत, घरात ही आणि सासू. मांजरांचा नाद तिला माहेरचा नव्हे. चार-पाच वर्षांमागं समोरच्या घरातली माणसं बदली होऊन गेली. सामानाचा टेम्पो भरला, तुळशीची कुंडीसुद्धा गाडीत चढली, मांजर तेवढं पायरीवर राहिलं. जाताना त्यांनी वाटीभर दूध ठेवलं होतं. त्या दुधावर मुंग्या चढल्या तरी मांजर कुलपाकडं बघत बसलेलं. रत्नमाला रोज पहाटे बुद्धवंदना करते. त्या सकाळी पंचशीलाचं पहिलं, जीवहिंसा न करण्याचं वाक्य तोंडात आलं आणि ती पुढं जाऊच शकली नाही. तशीच उठली, त्या मांजराला पदराखाली घेऊन आली. पुढं शेंद्र्यातल्या एका किराणावाल्यानं उंदरांपायी ते नेलं, आणि आता म्हणे तराजूशेजारी गादीवर झोपतं.

तिथून सुरुवात झाली. आता शहरभर विखुरलेल्या सात-आठ बायकांचा मोबाइलवर गट आहे. कुणी पिंजरा देतं, कुणी डॉक्टरकडं नेतं, कुणी पिल्लं सांभाळतं. मांजर मागायला कुणी आलं की रत्नमाला त्याला बसवून घेते. गॅलरीला जाळी आहे का, घर भाड्याचं की स्वतःचं, गावी गेल्यावर मांजर कुणाकडं, आणि मांजर नुसत्या दूधभातावर जगत नाही हे माहीत आहे का. दगडाबाई आतून ऐकत असते. "माझ्या पोरीचं लगीन जमवताना तुझ्या सासऱ्यानं एवढं इचारलं नव्हतं," असं ती पाहुण्यांदेखत सांगते, आणि मग चहा मात्र स्वतःच टाकते.

गटात पिल्लांचा एक नियम आहे, आणि तो रत्नमालानंच घातलेला. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू दिसलं म्हणून लगेच उचलायचं नाही. आई खाणं शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून वाट बघायची. कालच्या पिल्लांसाठी तिनं परवा संध्याकाळपासून वाट बघितली होती. रात्री दोनदा गच्चीवर येऊन पाहिलं, सकाळी पाहिलं. आई फिरकली नाही. ऊन फरशीवर चढलं, पिल्लं ओरडायची थांबली, तेव्हा तिनं उचलली. घरात दोन मांजरं शिंकत होती, तो आजार एवढ्याशा जिवांना लागला असता. म्हणून चितेगावच्या तनुजाकडं पाठवली. तनुजा घरी शिवणकाम करते, दिवसभर पिल्लांपाशी बसू शकते.

सगळं रीतीनं झालं होतं. मग ही आई कालपर्यंत कुठं होती?

उत्तर शेजारच्या अंगणातून आलं. "ओ वाहूळबाई," नानासाहेब खालून हाक मारत होते, "तुमचं गिऱ्हाईक माझ्या माळ्यावर निघालं."

नानासाहेब म्हणजे वैजापूरकडचे बागायतदार, शेती मुलाकडं सोपवून इथं घर बांधून राहिलेले. बायको सत्यभामा लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. ते परवा दुपारी घराला कुलूप लावून भावकीतल्या लग्नाला गेले होते, ते आत्ता आले. दार उघडल्याबरोबर त्यांच्या पायांमधून ही मांजर तीरासारखी बाहेर पडली.

रत्नमाला हात न धुताच खाली उतरून त्यांच्या घरात गेली. माळ्यावर महालक्ष्म्यांच्या दोन पत्र्याच्या कोठ्या होत्या, भादव्यात ज्यांच्यावर मुखवटे बसवतात त्या. एकीचं झाकण सरकलेलं. आत जुन्या साडीच्या घडीत तांबडं पिल्लू झोपलं होतं, मुठीएवढं, पोट भरलेलं.

तिला सगळं उमजलं. मांजर पिल्लं हलवत होती. पहिलं इथं आणून ठेवलं आणि दुसरं न्यायला निघणार, तेवढ्यात बाहेरून कुलूप लागलं.

मागोमाग जिना उतरून आलेली दगडाबाई दारातूनच म्हणाली, "मांजर सात घरं फिरवती लेकरं. हे पोरासोरांनापण ठाव आसतं."

"मला परवा का नाही सांगितलं मग?"

"तू कुठं इचारलंस? तू मोबाइलला इचारतीस."

नानासाहेबांनी घसा साफ केला. "हे एक राहिलंय बघा. हेपण घेऊन जा त्या तिघांपाशी. कोठी सोवळ्यातली आहे, सत्यभामेला कळलं तर मला माळ्यावर झोपवील."

क्षणभर रत्नमालाचा हात पुढं झाला. चौघं एकत्र तरी होतील. पण तिनं हात मागं घेतला. हे एक पिल्लू होतं म्हणूनच ती मांजर इथं परत येणार होती. हेही नेलं की ती कुणाचीच उरली नसती. आणि ठेवलं तरी भरवसा नव्हता. मांजर घाबरलेली, आज ना उद्या ती या एकाला तोंडात धरून तिसऱ्याच घरी जाणार. एकदा गेली की चितेगावची तिन्ही पिल्लं कायमची पोरकी.

"नानासाहेब, खिडकी उघडी ठेवा. पिल्लाला हात लावू नका, माळ्याखाली उभंपण राहू नका. मी संध्याकाळच्या आत बाकीची आणते."

"आणून कुठं ठेवणार?"

ती म्हणाली, "आणते आधी."

तनुजाला फोन लावला तर ती रडवेली. धाकटं पिल्लू पहाटेपासून थेंबभर दूध घेईना, ड्रॉपरनं घातलं तर ओठांतून बाहेर येतंय. रत्नमालानं भाजीचा जाळीचा क्रेट स्कूटीच्या पुढ्यात ठेवला, त्यात धम्मपालचा जुना बनियन अंथरला.

"अन् हा चीक?" दगडाबाईनं वरून विचारलं.

"तुम्ही पाडा जमेल तेवढ्या."

"सोऱ्या दाबायला माझे खांदे हायेत का आता?" म्हातारी म्हणाली, पण तिनं पातेलं स्वतःकडं ओढलं.

हर्सूल शहराच्या एका टोकाला आणि चितेगाव दुसऱ्या. दिल्ली गेट, क्रांती चौक, स्टेशन, आणि पुढं जागोजागी उकरलेला पैठण रस्ता. सिग्नलला थांबली की तिचा पाय आपोआप जमीन ढकलायचा. एरवी गाडीवर ती मैत्रीच्या ओळी मनात म्हणते, सगळे प्राणी सुखी होवोत. आज ओळ सुरू व्हायची आणि मांजरीच्या हाकेत बुडून जायची. विहारात भंतेजी सांगतात, कर्माचं मूळ चेतनेत असतं, हेतूत असतं. तिचा हेतू शुद्ध होता, याबद्दल तिला शंका नव्हती. पण हेतूला दूध येत नाही, हे तिला स्टेशनचा उड्डाणपूल उतरताना लख्ख कळलं, आणि त्यानंतर तिनं गाडी जरा जास्तच जोरात हाणली.

तनुजा दारातच उभी होती. शिवणयंत्राशेजारी टोपलीत गरम पाण्याची बाटली आणि बाटलीला चिकटून दोन पिल्लं.

दोनच.

"तिसरं?"

तनुजानं गळ्यातली मोजपट्टी काढून हातात गुंडाळली. "ताई, ओरडू नका. काल सांजच्याला नणंद आली होती, बिडकीनची. तिच्या घरी शेळी हाय. म्हणली शेळीचं दूध पचतं. सगळ्यात दांडगं होतं ते, चांगलं पीत होतं, म्हणून दिलं."

"एवढंसं पिल्लू? आपण दोन महिन्यांच्या आत कधी देतो का गं?"

"मला वाटलं, दोघांकडं नीट बघता येईल. आई मेली म्हणून तुम्हीच सांगितलं व्हतं."

ते खरं होतं. रत्नमालानं धाकटं पिल्लू उचललं. ते हातावर ओल्या कापसासारखं पडून राहिलं. डोकंसुद्धा वर करेना.

बिडकीन तिथून पुढं, जाऊन यायला तास-दीड तास. तिघं मिळून नेली असती तर आईच्या पुढ्यात एकदम ठेवता आली असती. पण हे हातातलं तेवढी वाट बघणार नव्हतं. दांडगं थांबू शकेल, लुळं थांबणार नाही. तिनं दोघांना क्रेटमध्ये ठेवलं.

तनुजानं क्रेटची कड धरून ठेवली. "आईनं घेतलं नाय तर? आमच्या सासूबाई म्हणतेत, माणसाचा हात लागलेलं पिल्लू मांजर घेत नाय. मी कालपासून हातात घेऊन बसलेय."

"माझी सासूपण तेच म्हणते."

"मग?"

"मग त्या मांजरीला विचारायचं. सोड."

तनुजानं सोडलं, आणि तिच्या सुती ब्लाऊजपीसचा तुकडा वरून झाकला, ऊन लागू नये म्हणून. "नणंदेला फोन करून ठिवते," ती म्हणाली. "ती आडमुठी हाय. तुमी स्वतः गेल्याबिगर द्यायची नाय."

परतीच्या वाटेवर क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघू लागला. "बाजी, अंदर क्या है? चूजे?"

"बिल्ली के बच्चे. माँ के पास ले जा रही हूँ."

"तो सिग्नल कायकू देख रे? निकलो," असं म्हणून त्यानं आपली रिक्षा तिरकी करून तिला वाट दिली. वाट घेतली तरी सिग्नल हिरवा झाल्यावरच ती निघाली, पण तेवढ्यातही तिनं दोनदा कापड उचलून पाहिलं.

घरी पोचली तेव्हा मांजर दिसत नव्हती. फरश्यांपाशी नाही, भिंतीवर नाही. नानासाहेब अंगणात खुर्ची टाकून राखणीला बसलेले. "आत्ताच आत गेली," ते कुजबुजले. आपल्याच घरासमोर हा धिप्पाड माणूस कुजबुजत होता. "मी पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही आत."

रत्नमालानं क्रेट मागल्या खिडकीखाली सावलीत ठेवला, कापड काढलं आणि लांब, हौदाच्या आडोशाला जाऊन उकिडवी बसली. दगडाबाईही येऊन बसली, पदराला चीक वाळलेला. मोठ्या पिल्लानं हाक घातली, बारीक, सुई टोचल्यासारखी. धाकट्याकडून काहीच नाही.

खिडकीत मांजर आली. खाली बघितलं, माणसांकडं बघितलं. उडी मारून क्रेटपाशी गेली, वास घेतला आणि फिसकारून मागं सरली.

"बघ," दगडाबाई पुटपुटली, "मी म्हणलं नव्हतं?"

"आत्याबाई, गप्प बसा हो."

मांजर परत पुढं झाली. मोठ्याला हुंगलं. धाकट्याला हुंगलं, बराच वेळ. मग तिनं त्याला चाटायला सुरुवात केली, एवढ्या जोरात की ते लुळं अंग उलटं-पालटं होत होतं. चाटता चाटता ते हललं. पाय ताणला. मांजरीनं त्याची मानगूट धरली आणि एका उडीत खिडकीतून आत गेली. काही वेळानं येऊन मोठ्यालाही घेऊन गेली.

नानासाहेब दबक्या पायांनी आत जाऊन बघून आले. "पितायत," ते म्हणाले. "धाकटंसुद्धा. वरून कोठीतच." मग मोबाइल दाखवत पुढं बोलले, "सत्यभामेला सांगितलं मी. म्हणाली, बाळंतिणीला कोण घराबाहेर काढतं का. भादव्याला वेळ आहे, साडी धुऊन घेऊ. मला मात्र म्हणाली, कुलूप लावताना डोळे कुठं होते."

दगडाबाई मोठ्यानं हसली. रत्नमालालाही हसू आलं, गुडघे धरून ती उठली. गच्चीवर अर्ध्या चादरीवर कुरडया होत्या, सासूनं पाडलेल्या, वाकड्यातिकड्या. उरलेला चीक पातेल्यात घट्ट होऊन बसलेला. "खारवड्या घालू त्याच्या," दगडाबाई म्हणाली. "आता बस जरा, घोटभर चहा घे."

रत्नमाला कठड्याला टेकली, तोच खालून पुन्हा ती हाक आली.

मांजर खिडकीतून उतरली होती. पिल्लांना पाजून, चाटून, ती सरळ फरश्यांच्या ढिगाकडं गेली. तीच फट. तोंड आत घातलं, बाहेर काढलं, हाक मारली. ढिगाला वळसा घालून परत त्याच फटीपाशी. तिला तीन मिळाली होती, आणि ती चौथं शोधत होती.

"दमंल अन् इसरंल," दगडाबाई म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

रत्नमालानं चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवला. ऊन अजून बरंच होतं. तिनं हातावरचा वाळलेला चीक खरवडून काढला, क्रेटमधला बनियन झटकून पुन्हा अंथरला आणि स्कूटीची चावी घेतली.

"आता कुठं?"

"बिडकीनला. तनुजाच्या नणंदेकडून चौथं पिल्लू आणायला."