नानांनी मिटवलेली कादंबरी

माझ्या कादंबरीतल्या सगळ्या पात्रांची सगळी संकटं माझ्या सासऱ्यांनी एका बुधवारी, दुपारचं जेवण आणि चारचा चहा यांच्या मधल्या वेळात, कायमची मिटवून टाकली.

कादंबरी लिहिणार आहे, असं मी अकरा वर्षं सांगत होतो. (ऐकणारे बदलत गेले, मी नाही.) शेवटी पुण्यातले एक प्रकाशक म्हणाले, "गुरुवारी आराखडा घेऊन या, बघू." गुरुवारी आमच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी. कादंबरी तीन अंकांत बसवायची असते, हे मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. पहिल्या अंकात संकट उभं करायचं, दुसऱ्यात वाढवायचं, तिसऱ्यात सोडवायचं. मी पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमधली हॉलची भिंत ताब्यात घेतली, तीन उभे रकाने आखले आणि वर लिहिलं : 'समस्या', 'समस्या वाढते', 'निराकरण'. पंधरा दिवस खपून पहिले दोन रकाने पिवळ्या चिठ्ठ्यांनी गच्च भरले. तिसरा मुद्दाम रिकामा ठेवला होता, कारण शेवट सुचला नव्हता.

नाना, म्हणजे माझे सासरे, भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीत होते. असा तीन रकान्यांचा फळा तिथे प्रत्येक मशीनशेजारी लटकलेला असतो. काय बिघडलं, किती बिघडलं आणि उपाय काय केला. तिसरा रकाना रिकामा दिसला की नाना माणसाला मेमो द्यायचे.

त्या बुधवारी मी पहिली शिफ्ट करून घरी आलो, तेव्हा जेवायला आलेले नाना हिरव्या मार्करला टोपण लावत होते.

"या जावईबापू. बरंच पेंडिंग ठेवलं होतं तुम्ही. सगळं क्लोज केलं."

मी भिंतीकडे पाहिलं. 'राघवचा धाकटा भाऊ बेपत्ता' ही माझ्या कादंबरीचा कणा असलेली चिठ्ठी. त्या शोधात शंभर पानं जाणार होती. तिच्यासमोर, तिसऱ्या रकान्यात, नव्या चिठ्ठीवर नानांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'पोलिसात तक्रार दिली. मोबाईलचं लोकेशन काढलं. भाऊ सांगवीत मित्राकडे सापडला. क्लोज.'

'मुग्धाचं लग्न दुसरीकडे ठरतं.' समोर : 'दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक घेतली. विषय मिटला.' 'वडिलांना हृदयविकाराचा झटका' हा तर दुसऱ्या अंकाचा कळस! तो लिहिताना मी स्वतः रडलो होतो. त्याच्यासमोर : 'रोज सकाळी चालणे. मीठ कमी. झटका टळला.'

माझं डोकंच फिरलं.

"नाना, अहो ही खरी माणसं नाहीत."

"ते कळलं मला. एकाच्याही नावापुढे कामगाराचा टोकन नंबर नव्हता."

"मग कशाला सोडवलंत?"

"अडचण लिहून ठेवायची आणि बघत बसायचं, हे मला जमत नाही."

"पण अडचण वाढलीच पाहिजे, त्याशिवाय कादंबरी पुढे जात नाही."

"वाढेपर्यंत तुमचा राघव काय करत होता?" नाना शांतपणे म्हणाले. "एक फोन करायचा ना भावाला."

मला जास्तच राग आला. मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे बायको कांदा चिरत होती.

"सुषमा, तू घरात होतीस ना? थांबवलं का नाहीस?"

"दुपारभर आडवे झाले नाहीत ते. रिटायर झाल्यापासून इतके खूश पाहिले नव्हते मी त्यांना. आणि अहो, मुग्धाचं बरं झालं की."

म्हणजे घरात सगळे खूश! मी तिसऱ्या रकान्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. पण उपयोग शून्य. राघव रडवेला होऊन भावाला शोधायला निघाला की मला सांगवीच दिसायची. वडिलांनी छातीवर हात ठेवला की मीठ आठवायचं. माझी पात्रं एकदम समंजस झाली होती आणि समंजस माणसांवर तीनशे पानं कोण लिहिणार? प्रकाशकांना मी फोन करून कळवलं की तब्येत बरी नाही. मग नानांसमोर जाऊन उभा राहिलो.

"अकरा वर्षांचं काम संपवलंत तुम्ही माझं."

"सगळं नाही संपवलं," नाना म्हणाले. "एक पॉइंट ओपन ठेवलाय. तो माझ्या हातातला नाही."

भिंतीच्या कोपऱ्यात एकच लाल चिठ्ठी होती. 'समस्या : कादंबरी झालेली नाही. का? वेळ नाही. का? आराखडा पूर्ण नाही. का? शेवट सुचत नाही. का? सुरुवात लिहिलेली नाही. का? लिहायला बसत नाहीत. जबाबदार : जावईबापू.' आणि पुढच्या बुधवारची तारीख.

ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. नाना दर आठवड्याला येतात, जुन्या तारखेवर काट मारतात, नवी टाकतात. गेल्या वेळी मी त्यांच्या हातात इथपर्यंतचा हा लेख ठेवला. म्हटलं, बघा, बसलो आणि लिहिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, दोनदा हसलेही. मग लाल मार्कर उघडून चिठ्ठीखाली लिहिलं :

'तात्पुरता उपाय केला. मूळ दोष कायम.'