सिमेंटच्या ओढ्याचं बारसं

सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या यशोधनला भांडायला कारण लागत नसे, पण मिळालं तर तो ते परत पाठवत नसे. या खेपेचं कारण होतं त्याच्या ब्लॉकमागचा ओढा. ओढा म्हणणारा तो एकटाच. "बाबा, लाँगकांग ओन्ली लाह," त्याची लेक राधिका म्हणे, आणि तिन्ही बाजूंनी सिमेंट थापलेल्या त्या घोटाभर पाण्याला गटार म्हणणं काही खोटं नव्हतं.

पण पाणी वाहतंय आणि त्याला नाव नाही, हे यशोधनच्या डोक्यात गेलं. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, ह्याने शोधलं. टेकडीच्या पायथ्याशी झाडीत एक धार झिरपताना दिसली. तिथून हा काठाकाठाने खाली आला. मॉलपाशी ओढा जमिनीखाली गडप झाला आणि रस्त्यापलीकडे पुन्हा वर आला. ते तेच पाणी, याला साक्षीदार फक्त यशोधन. कुठल्याही कॉलेजात न शिकता नकाशा काढला म्हणून स्वतःवर इतका खूश झाला, की तो त्याने लिफ्टमध्ये चिकटवला. काढायला सांगितलं तेव्हा भांडलाही.

मग ओढ्याचं बारसं ठरलं. बायको विभाने घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवले. नाव ह्याने आधीच काढून ठेवलं होतं: यशोगंगा. तेवढ्यात शेजारच्या नंदाताईंनी विचारलं, "आत्या कोण?"

"ओढ्याला कसली आत्या?"

"बारसं म्हणालात ना? नाव आत्याच ठेवते. नाहीतर आम्ही नुसत्या घुगऱ्या खाऊन जातो."

आत्या म्हणजे कस्तुरी, क्लेमेंटीत संशोधन करणारी त्याची धाकटी बहीण. दिवाळीच्या फराळाला ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "दादा, गटार आहे ते." हा ताटावरून उठला. घर तिचं, ताटही तिचंच. तेव्हापासून अबोला. साहेबलोकांना खुशाल सुनावणाऱ्या माणसाने दोन दिवस फोन नुसता हातात धरला. ओढ्याला नाव हवं होतं, आणि नाकही शाबूत हवं होतं. शेवटी लावला.

"कस्तुरी, नाव ठेवायचंय."

"नावं ठेवायला तुला मी कधीपासून लागते?"

"ओढ्याला. आत्या म्हणून ये."

"म्हणजे ते गटार माझं भाचरू झालं?"

"ओढा," तो म्हणाला. मग घाईने, "तू म्हणशील ते. ये फक्त."

शनिवारी ती चक्क पैठणी नेसून आली. यशोधनने चिठ्ठी पुढे केली.

"यशोगंगा? हे तुझंच नाव आहे की रे."

"योगायोग."

तिने चिठ्ठी परत त्याच्या खिशात कोंबली. कठड्यावरून वाकून पाण्याला "कुर्र" केलं आणि मोठ्याने म्हणाली, "रुसवी. मॉलखाली तोंड लपवून बसते, मग आपली आपणच बाहेर येते. आमच्या घरचंच वळण आहे."

यशोधनचे कान तापले. तोंड उघडणार, तोच बायका रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या. नंदाताईंचा हात भलताच जड. कस्तुरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, हळू," यशोधन मध्ये घुसला. "माझी बहीण आहे ती, कणीक नाही. नाव आवडलं नसेल तर मला मारा."

"चला," नंदाताई हात झटकत म्हणाल्या, "हे भांडले. बारसं पार पडलं."