पानी कव्हय सुटी?

धुळ्याहून कोकणात निघालेल्या सहलीच्या गाडीत अमळनेरकडचे ते आबा माझ्या शेजारी येऊन बसले, आणि तिथेच माझ्या रजेची वाट लागली. नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सात पिढ्या ऐकाव्या लागल्या असत्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर, खाडीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर, त्यांचं आपलं एकच: "हाई पानी कोनतं धरननं शे, भाऊ?"

"समुद्राचं आहे, आबा!" सांगून सांगून माझा घसा बसला. ते मान हलवायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच विचारायचे.

धक्क्यावर आलो तर ओहोटी. लाँच चिखलात रुतलेली. आबांनी लाँचवाल्यालाच गाठलं, "पानी कव्हय सुटी?"

भरतीचं पाणी काय कुणी कालव्यासारखं सोडतं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र शांतपणे म्हणाला, "चार वाजता."

आबा बंडीतलं घड्याळ तळहातावर धरून बसले. चारच्या ठोक्याला लाँच पाण्यावर डुलायला लागली. पलीकडे पोचेपर्यंत हा माणूस एकदा घड्याळाकडे, एकदा पाण्याकडे बघत होता. उतरताना माझ्या कानाशी लागला, "आमना पाटना पानीसाठे तीन अर्ज दिधात, पन ते कधी टाइमवर उनं नही. अठे अर्ज कोन सायबले देतस, भाऊ?"

परतीला मी जागा बदलून घेतली. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत असले अर्ज घेऊन फायलीत दडपणारा कारकून मीच, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?