चुलीत तडतडलेलं बियाणं

शिकायला बाहेर पडले तेव्हा कुठे मला कळलं की बियाणं दुकानात विकतही मिळतं. आमच्या भाजीच्या मळ्याचं बियाणं भिंतीवर असे. तवसं, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी, पडवळ, भोपळा यांचं बी आई शेणात आणि राखेत कालवायची आणि त्याच्या चपट्या वड्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापून ठेवायची. धुरामुळे कीड लागत नसे. मृग लागला की वड्या फोडून पेरायच्या.

दादाचं लग्न झालं त्या वैशाखात वहिनी घरात आली. तिचं माहेर सावंतवाडीच्या बाजारपेठेतलं. शेती तिने लांबूनच पाहिलेली. एका सकाळी सारवण्यासाठी तिने ती भिंत खरवडली आणि निघालेल्या वड्या न्हाणीच्या चुलीत घातल्या.

चूल तडतडायला लागली. आई मळ्यातून आली.

"चुलीत मीठ टाकलंस काय गो?"

"नाय आई. भिंतीर बारीक बारीक शेणी होत्यो, त्यो घातलंय."

आई धावली. हातात राखच आली. वेलांचे मांडव घालून तयार होते, मृग तोंडावर आला होता आणि एक बी घरात उरलं नव्हतं. काय झालं ते कळल्यावर वहिनी न्हाणीच्या पायरीवर बसून रडू लागली. मळ्यापेक्षा तिला वाड्याची, म्हणजे आमच्या वस्तीची, भीती होती.

"बियाणा जाळलेली सून म्हणान सगळो वाडो माका ओळखतलो."

आईने सूप घेतलं, वहिनीला पदर सारखा करायला लावला आणि आम्हा दोघींना घेऊन शेजारच्या काकीकडे निघाली. आमच्याकडे बियाणं विकत नसत आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नसत.

"काकी, वायच बी दी. आमचा उंदरांनी खाल्ल्यानी," आई म्हणाली.

काकीने वहिनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग राखेने माखलेल्या तिच्या हिरव्या चुड्याकडे.

"तुमचे उंदीर काकणां घालतत काय गो?"

वहिनीची मान आणखी खाली गेली. काकी हसत आत गेली आणि तिने चार वड्या आणून सुपात ठेवल्या. "घी गो. तुझाच बियाणा ह्या. माझा भिजान कुसलला तेव्हा तूच दिलंस."

वाड्यात उंदरांचीच गोष्ट पसरली. काकीने दुसरी सांगितली नाही.

त्या पावसात मांडव नेहमीसारखे भरले. वहिनी रोज वेलांखाली जाऊन बघायची. भाद्रपदात पहिलं जून तवसं निघालं. वहिनीने ते किसलं, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून वर-खाली निखारे ठेवले आणि तवसोळी भाजली. तळाला घातलेल्या हळदीच्या पानांचा वास अंगणापर्यंत आला. बी मात्र तिने आधीच काढून राखेत ठेवलं होतं.

पहिला तुकडा ती स्वतः काकीकडे घेऊन गेली. काकीने तो तोंडात टाकला, डोळे मिटले.

"उंदरांनी केल्यानी मा ही?"

"होय," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच काकीच्या घरात मोठ्याने हसली.