न उडवलेले तास

इस्लामपूरच्या स्टँडवर आबांनी माझी ट्रंक एसटीत चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. माझे वडील फौजेत हवालदार होते. निरोप घ्यायची त्यांना सवय, द्यायची नव्हती. "नीट शीक," एवढंच म्हणाले.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही वाटतं, मी त्या दिवशी ज्या फ्लाइंग स्कूलला निघाले होते, तिथूनच पायलट झाले. म्हणून हे लिहिते आहे.

एका इंजिनाचं विमान मी तिथं मन लावून शिकले. दोन इंजिनांच्या परवान्याची वेळ आली तेव्हा मात्र ते विमान महिनोन्‌महिने हँगरमध्येच उभं. मला दोनदाच मिळालं. दुसऱ्या खेपेला इन्स्ट्रक्टरनं मुद्दाम डावं इंजिन कमी केलं. विमान तिकडं ओढ घेतं, तेव्हा उजवा पाय दाबून ते सरळ धरायचं. मी घाबरून डावा दाबला. विमान झपकन डावीकडं कलंडलं. त्यानं कंट्रोल घेतला, खाली उतरवलं, चहा मागवला आणि माझ्या लॉगबुकात, उड्डाणांच्या वहीत, परवान्याला लागणारे उरलेले सगळे तास न उडताच लिहून टाकले. "सही कर. बाकीचं एअरलाइन शिकवेल."

सगळ्यांनी केल्या होत्या. मीही केली.

संध्याकाळी आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "न उडता लिव्हलेल्या तासांवर माणसं बसवनार व्हय गं तू?"

स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. सकाळी ते तास खोडून मी ऑफिसात वही ठेवली. इन्स्ट्रक्टर हसला. बॅचमधल्या मैत्रिणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यातल्या दोघी आज मोठ्या विमानांवर आहेत. मी स्कूल अर्धवट सोडून परत आले, सांगलीत दोन वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन पुन्हा शिकले. तिथल्या इन्स्ट्रक्टर बाईंनी माझा पाय आपोआप योग्य बाजूला जाईस्तोवर पुन्हापुन्हा एक इंजिन बंद केलं.

आता शेजारच्या बोट्स्वानात दोन इंजिनांच्या छोट्या विमानातून पेशंट नेते. इथली मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला 'पाप' म्हणतात, खर्ड्याबरोबर बरी लागते.

गेल्या दिवाळीत मावसभावानं फोटो पाठवला. सांगलीत त्या स्कूलचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर माझा चेहरा: 'आमची अभिमानास्पद विद्यार्थिनी'. आबांना कळलं तसे ते एसटीनं सांगलीला गेले, स्कूलच्या तिथल्या ऑफिसात बाकावर बसले आणि फ्लेक्स उतरेपर्यंत उठले नाहीत. कुणाशी भांडले नाहीत म्हणे. विचारील त्याला फक्त खरं काय ते सांगत राहिले.

गावी जाणं आता वर्षा-दोन वर्षांनी होतं. तरी घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मला तो बाकावर बसून राहिलेला म्हातारा दिसतो.