पाखऱ्याला आज जुंपायचं न्हाई

विमान चालवणारी चार माणसं एका टेबलाशी बसली की चहा येईपर्यंत एकाचं इंजिन ढगात बंद पडलेलं असतं आणि दुसरा वादळातून सहीसलामत बाहेर आलेला असतो. माझी पाळी आली की मी सांगतो, "मी सुरुवातीला गुरं राखायचो." मग सगळे चहा विसरतात! हे किस्से इतके साठलेत की एकाला ओढावं तर दोन बाहेर येतात.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या क्लबात विमान शिकून, 'ए' लायसन्स घेऊन मी लोणावळ्याला घरी येऊन बसलो होतो. त्या लायसन्सवर विमान उडवता यायचं, पण उडवण्याचा पगार घेता यायचा नाही. पगारासाठी 'बी' लागायचं. त्यासाठी एकट्याने शंभर तास उडायचं आणि वर परीक्षा. वडील रेल्वेत गार्ड. त्यांनी मुदत दिली, "दिवाळीपर्यंत मिळालं तर मिळालं. नाहीतर बुकिंग ऑफिसात जागा आहे, मी बोलून ठेवलंय." जन्मभर खिडकीमागे बसून तिकिटांवर तारखा ठोकायच्या, या विचाराने मला खरोखर रडू यायचं.

*

आंबीच्या माळावर काकासाहेब म्हणून एका श्रीमंत गृहस्थांची गुरांची मोठी वाडी होती. त्यांचे कळप डोंगरातल्या तीन पठारांवर चरायला असत. तिथे मीठ आणि औषध पोचवायला माणसाला दोन दिवस चालावं लागे. म्हणून काकासाहेबांनी एक जुनं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान घेतलं. मग त्यांना आठवलं की ते चालवायला कोणीतरी लागेल.

मी भेटायला गेलो. त्यांनी विचारलं, "गुरांचं काही येतं का?"

"नाही. विमान येतं."

"असू दे. गुरांचं शिकवता येईल."

विमान चालवण्याचा पगार कायद्याने देता येत नव्हता. म्हणून मस्टरवर माझी नोंद झाली 'गुराखी'. विमान ही गुराख्याची हौस!

*

इकडे लोणावळ्यात वडिलांनी स्टेशनवर सांगितलं, "मुलगा पायलट झाला." पण रेल्वेत 'पायलट' म्हणजे मोठ्या साहेबाच्या गाडीपुढे धावणारं रिकामं इंजिन. रूळ ठीक आहेत का ते बघायला त्याला पुढे सोडत.

स्टेशनमास्तर हळहळले. म्हणाले, "अरेरे! म्हणजे काही झालं तर आधी तोच का?"

वडील तिथूनच थेट बुकिंग ऑफिसात माझ्या जागेची खात्री करायला गेले.

*

माळावरचे मुख्य गुराखी धोंडीबा आबा. सत्तरीचे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. विमान उतरायच्या आधी माळावरची गुरं बाजूला काढणं त्यांच्याकडे होतं. आमचं ठरलं की मी वर घिरट्या घालायच्या आणि आबांनी घोंगडी हलवली की उतरायचं.

पहिल्याच दिवशी आबांनी जोरजोरात घोंगडी हलवली. मी उतरलो. थेट म्हशींमध्ये! कोणाला लागलं नाही, पण एका म्हशीने मला जे बघितलं ते मी विसरलेलो नाही.

"आबा, घोंगडी का हलवलीत?"

"मंग? म्हशी हाकलत हुतो न्हवं!"

*

कापडी विमानाचं कापड ताठ राहावं म्हणून त्याला एक लुकण लावतात. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. हे मला माहीत होतं. पण ते खाता येतं, हे वाडीतल्या तांबू गाईला माझ्याआधी कळलं. एका दुपारी मी जेवून येतो तर शेपटीचं अर्धं सुकाणू नाहीसं आणि तांबू शांतपणे रवंथ करतेय.

आमचे मेस्तरी हुसेनभाई. लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये उभी हयात काढलेले. त्यांनी सुकाणूचा सांगाडा बघितला, तांबूकडे बघितलं आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. एकालाही गाईनं खाल्लं नव्हतं."

काकासाहेबांनी घाबरून गुरांचे डॉक्टर बोलावले, अर्थात तांबूसाठी. डॉक्टरांनी तिला तपासलं. "गाय ठणठणीत आहे. विमानाला काय औषध देऊ?"

हुसेनभाईंनी आपलं धोतर फाडून सुकाणूवर चढवलं. त्या दिवसापासून विमान रात्री तांबूपासून लांब, गोठ्यात बांधलेल्या बैलांच्या रांगेत उभं राहू लागलं. आबांनी त्याला रीतसर दावं लावलं आणि नाव ठेवलं पाखऱ्या. रोज सकाळी मला बातमी मिळे, "पाखऱ्यानं रातच्याला लय तेल गाळलं. आज त्येला दमानं घे."

मी हसायचो. पण हुसेनभाई तपासायचे, आणि नळी खरंच सैल निघायची.

*

एकदा डोंगरात धुकं दाटलं आणि मी वाट चुकलो. खाली एक मोकळं रान दिसलं, तिथे उतरलो. बांधावर एक मावशी गवत कापत होत्या. त्यांनी विमानाकडे एकदा बघितलं आणि विळा पुन्हा चालू केला.

"मावशी, हे कुठलं गाव?"

"कुटलं म्हंजी? आमचं!"

"हो, पण नाव काय?"

"कुसगाव." मग त्यांनी मान वर केली. "एवढं वर जाऊन बी दिसत न्हाई व्हय?"

*

शंभर तास भाद्रपदात भरले. परीक्षा घ्यायला सरकारी गोरा साहेब येणार अशी तार आली. सकाळच्या गाडीने तळेगावला उतरून आंबीला येणार, दुपारी बाराच्या गाडीने परत. पुन्हा यायचा तो दिवाळीनंतर. म्हणजे हा एकच दिवस. मी तारेतली तारीख बघितली. तिथी कोणीच बघितली नाही.

त्या दिवशी आमच्या भागातला भाद्रपदी पोळा होता.

सकाळी गोठ्यात गेलो आणि दारातच थांबलो. पाखऱ्याला आंघोळ घातलेली होती. पंखांवर गेरूचे ठसे, नाकावरच्या पंख्याला हिंगूळ आणि बेगड, पंखांच्या दांड्यांना गोंडे, पाठीवर झूल!

"आबा, हे काय? आज परीक्षा आहे!"

"आसंल. पाखऱ्याला आज जुंपायचं न्हाई. आज कुनाच्याच खांद्यावर जू न्हाई."

मी विनवण्या केल्या. बुकिंग ऑफिस सांगितलं, वडील सांगितले. हुसेनभाईंनी मध्यस्थी केली. आबा हलेनात. एवढ्यात साहेब येऊन उभा राहिला. त्याने गोंडे बघितले, मग घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आबांनी पाहिलं.

बराच वेळ डोकं खाजवून ते म्हणाले, "जुंपायचं न्हाई. पन मिरवनूक काडाया काय हरकत न्हाई. मारुतीला परदक्षिना घालून आन."

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं की विमान तयार आहे. साहेबाने परीक्षा सांगितली. दोन खुणा ठरवायच्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, पाच वेळा. एक खूण मारुतीचं देऊळ, दुसरी माळाच्या टोकाचं बाभळीचं झाड. मी ते आबांना काठीने मातीत काढून दाखवलं.

आबांनी आकड्यावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. "ह्ये एका अंगाला सुलटं जातंय, दुसऱ्या अंगाला उलटं. उलटी परदक्षिना चालायची न्हाई."

"देवळाला सुलटीच घालतो, आबा. उलटी बाभळीला."

"त्या बाभळीखाली म्हसोबा हाय."

साहेबाने पुन्हा घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते. आबांनी माळावर नजर फिरवली. देव नसलेली जागा ते शोधत होते. शेवटी नजर साहेबावर थांबली.

"ह्येला उबा कर तितं मदी. ह्येच्याभवती उलटा फिरलास तरी चालंल. ह्यो कुटं देव हाय!"

मी साहेबाला म्हणालो, "हे वडीलधारे गृहस्थ विचारतात, दुसरी खूण म्हणून आपण उभे राहाल का?" साहेब मुकाट्याने माळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

झूल काढून मी एकटाच वर गेलो. पाच वेळा मारुतीला सुलटा, पाच वेळा साहेबाला उलटा. गोंडे वाऱ्यावर फडफडत होते. खाली वाजंत्री वाजत होती, गावातले बैल माना वर करून बघत होते. आयुष्यात त्याच्याइतका नीट आकडा मी पुन्हा काढला नाही.

उतरलो. साहेबाने फॉर्म आणि पेन काढलं. तेवढ्यात आबा पुरणपोळीचं ताट घेऊन मध्ये आले. "आदी पाखऱ्याला घास. मंग ल्ह्यायचं काय ते ल्ह्या." आणि त्यांनी पोळी साहेबाच्याच हातावर ठेवली.

मी डोळे मिटले. दिवाळी, बुकिंग ऑफिस, तारखांचा शिक्का, सगळं समोर दिसलं.

साहेबाने फॉर्म काखेत धरला. पोळी दोन्ही हातांत घेऊन तो विमानाभोवती सावकाश एक फेरी फिरला. सुलटी. मग माझ्यासमोर येऊन थांबला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "पास आहेस. आता सांग, याचं तोंड कुठलं?"