वरचं नाव

वसमतच्या हळद उत्पादक संघात शिवकन्या संगणक सांभाळायची. सभा दोन दिवसांवर आली होती, आणि ईमेलचं निमंत्रण एकाही सभासदाला पोचलं नव्हतं. तिनं धुंडाळलं, तर 'टू'चा रकाना कोरा. सगळे पत्ते 'बीसीसी'त लपवलेले. बिननावाची पत्रं म्हणून सर्व्हरनं ती अडवून ठेवली होती.

"काका, नावं काहून लपवली तुमी?"

सचिव उकंडराव म्हणाले, "पोरी, एकाचं वर टाकलं की दुसरा रुसतो. लेकीच्या लग्नपत्रिकेत भोगलंय मी!"

पत्रिकेत सगळ्यांच्या वर कुणाचं नाव असतं, हे शिवकन्येला आठवलं. तिनं सर्व्हरवर औंढ्याच्या नागनाथाच्या नावानं पत्ता उघडला, 'टू'मध्ये घातला आणि हात जोडून निमंत्रण पुन्हा पाठवलं.

दुपारी एका सभासदाचं पहिलं उत्तर आलं, "येऊन राहिलो."